धसका आणि घोर

मनावरच्या ताणासाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत. धसका बसतो, घोर लागतो. धसका एका क्षणाचा असतो. अवेळी दार वाजतं, कुणीतरी काहीतरी सांगतं आणि ऐकणाऱ्याचे हातपाय गळतात. घोर महिनोन्महिने जिवाशी राहतो. तो झोपेत शिरतो, अन्नावरची वासना घालवतो आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात की रक्तदाब वाढलाय, साखर वाढलीय. आपल्या आज्या-पणज्यांनी हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरले नाहीत. शरीरशास्त्राला हा फरक नीट उलगडायला मात्र विसावं शतक जवळजवळ संपावं लागलं.

धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीच्या पट्ट्यात हे दोन्ही अनुभव एकाच पिढीच्या वाट्याला आले. लोहारा तालुक्यातलं हे गाव तेरणा नदीवरच्या धरणासाठी ओळखलं जातं. निम्न तेरणा प्रकल्प हे कागदावरचं नाव, लोकांच्या तोंडी माकणी धरण. जवळच सास्तूर, थोडं पुढं लातूर जिल्ह्यातलं किल्लारी. १९९३ च्या भूकंपानंतर या जलाशयाचं नाव शास्त्रीय चर्चेतही आलं. साठलेल्या पाण्यामुळे खालच्या खडकातला ताण मोकळा झाला असावा, असं काही भूशास्त्रज्ञांनी मांडलं; इतरांना एवढं कारण पुरेसं वाटलं नाही. त्या वादात इथं शिरायचं नाही. पण खडकातला ताण आणि माणसातला ताण यांना आपण एकच शब्द वापरतो, त्यामागे एक गोष्ट आहे. ती पुढे येईल.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. या भागातल्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन अडीच-अडीच फूट रुंद, आणि वर माळवदाचा मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं पार कोसळली. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, ८ हजारांपासून १० हजारांपर्यंत.

जे वाचले त्यांच्या शरीरात ३ वाजून ५७ मिनिटांनी काय चाललं होतं?

मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढी एकेक गाठ असते. तिला अमिग्डला म्हणतात. काय घडतंय हे आपल्याला समजण्याच्या आधी ती धोक्याची दवंडी पिटते. ती दवंडी हायपोथॅलॅमस या भागाकडे जाते, तिथून मज्जातंतूंच्या वाटेने मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींकडे, आणि काही सेकंदांत रक्तात ॲड्रिनलिन उतरतं. काळीज धडधडू लागतं. यकृतातली साखर रक्तात येते. कातडी आणि आतडी यांच्याकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून चेहरा पांढराफटक पडतो. पचन थांबतं, लाळ आटते, तोंडाला कोरड पडते. पोटात गोळा येणं, घशाला कोरड पडणं, पायाखालची जमीन सरकणं या वाक्प्रचारांपैकी पहिले दोन तर थेट शरीरशास्त्राची निरीक्षणं आहेत. वेदनाही काही काळ बधिर होते. बोटं सोलवटलेली असताना माणूस दगडामागून दगड उपसत राहतो आणि आपल्याला लागलंय हे त्याला नंतर कळतं.

हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास या सगळ्याची संगती लावली. समोर कुत्रा भुंकत असताना मांजराच्या शरीरात जे बदल होतात ते एकाच हेतूने होतात, झुंज देण्यासाठी किंवा पळून जाण्यासाठी. धसका म्हणजे शरीराचा बिघाड नाही. ते शरीराचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चोख काम आहे. त्याच्याशिवाय ढिगाऱ्यातून कुणी कुणाला बाहेर काढू शकलं नसतं.

मात्र त्याची किंमत लगेचही मोजावी लागू शकते. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. तोही पहाटे, ४ वाजून ३१ मिनिटांनी. लॉस एंजेलिस परगण्यात हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू आधीच्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होते, त्या एका दिवशी ते २४ झाले. यांतले बहुतेक लोक कशाखाली सापडलेले नव्हते. जपानी डॉक्टरांनी तर भीतीने किंवा शोकाने हृदयाचा एक कप्पा तात्पुरता फुगण्याचा विकारच ओळखला. त्या वेळी कप्प्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला त्या मडक्याचं नाव दिलं: ताकोत्सुबो. २००४ च्या निगाता भूकंपानंतर असे रुग्ण एकदम वाढले. ‘धसक्यानं गेला’ हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या म्हटलं जातं. ते खरं आहे, आणि त्याचं चित्र आता पडद्यावर दाखवता येतं.

आता तो ‘ताण’ शब्द. १९३० च्या दशकात कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये नावाचे तरुण संशोधक उंदरांना बीजकोशाच्या अर्काची इंजेक्शनं देऊन नवं संप्रेरक शोधत होते. उंदीर चिरून पाहिले तर ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. सेल्ये यांना वाटलं, संप्रेरक सापडलं. पण फॉर्मॅलिन टोचलं तरी तेच, थंडीत ठेवलं तरी तेच, दमेपर्यंत पळवलं तरी तेच. म्हणजे हा गुण अर्काचा नव्हता. कोणताही मारा झाला की शरीर एकाच ठरावीक पद्धतीनं उत्तर देत होतं. १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे एका छोट्याशा पत्रात छापलं. पुढे या अवस्थेला नाव देताना त्यांनी अभियांत्रिकीतला शब्द उचलला, स्ट्रेस. धातूवर किंवा खडकावर येणारा भार तो स्ट्रेस, आणि त्यानं वस्तूत पडणारा फरक तो स्ट्रेन. आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना प्रतिबल आणि विकृती म्हणतात. सेल्ये यांना खरं तर दुसरा अर्थ हवा होता. आपलं इंग्रजी तेव्हा चांगलं असतं तर आपण दुसरा शब्द निवडला असता, असं ते पुढे सांगत. तोवर पहिला शब्द जगभर गेला होता.

सेल्ये यांना ज्या सुजलेल्या ग्रंथी दिसल्या त्यांच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसोल नावाचं दुसरं संप्रेरक येतं. ॲड्रिनलिन ठिणगीसारखं, कॉर्टिसोल चुलीतल्या निखाऱ्यासारखं. त्याची वाट लांबची आहे: हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, पिट्युटरी ॲड्रिनलला, आणि वीस-तीस मिनिटांनी रक्तातलं कॉर्टिसोल कळसाला पोचतं. ते साखर पुरवत राहतं, दाह आवरतं, आणि मग उलट वाटेनं मेंदूत जाऊन सांगतं की पुरे, आता थांबा. ही थांबण्याची सूचना घेणाऱ्या केंद्रांपैकी महत्त्वाचं केंद्र म्हणजे हिप्पोकॅम्पस, जे आठवणींचंही घर आहे. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्रूस मॅकइवन यांना दिसलं की उंदराचं हे संप्रेरक हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींना जाऊन चिकटतं. शरीराच्या ग्रंथी आणि मनाच्या आठवणी एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत, हे त्या दिवसापासून नाकारणं अवघड झालं.

याच मॅकइवन यांनी सहकारी एलियट स्टेलर यांच्यासह एक लेख लिहिला, ज्यानं घोर म्हणजे काय ते शास्त्राच्या भाषेत सांगितलं. बदलत्या परिस्थितीला तोंड देताना शरीर दरवेळी थोडा थोडा खर्च करतं. उत्तर वेळेवर थांबलं तर खर्च भरून निघतो. ते वारंवार पेटत राहिलं किंवा विझलंच नाही, तर थकबाकी चढत जाते, रक्तवाहिन्यांवर, पोटावरच्या चरबीवर, साखरेवर, प्रतिकारशक्तीवर, मेंदूवर. या साचलेल्या बोजाला त्यांनी ‘अलोस्टॅटिक लोड’ म्हटलं. कर्जाचं व्याज ज्याला ठाऊक आहे त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. लेख प्रसिद्ध झाला तो महिना होता सप्टेंबर १९९३.

भूकंप त्या एका पहाटेपुरता नव्हता, हे इथं लक्षात घ्यायला हवं. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या आसपास लहान धक्के बसत होते. लोक घाबरले, काही काळ बाहेर झोपले, मग सरावले आणि घरात परतले. मोठ्या भूकंपानंतर पुन्हा धक्के आणि त्यातच पाऊस. पुढचा धक्का कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. या ‘कधी’चं वजन संशोधक जे वाइस यांनी उंदरांवर मोजून दाखवलं होतं. दोन उंदरांना विजेचे अगदी सारखेच झटके द्यायचे, पण एकाला आधी इशाऱ्याचा आवाज ऐकवायचा. ज्याला इशारा मिळाला नाही त्याच्या जठरात कितीतरी जास्त व्रण झाले. झटका तोच होता. फरक इतकाच की इशारा मिळालेल्या पहिल्या उंदराला दोन झटक्यांच्या मधल्या काळात निवांत बसता येत होतं आणि दुसऱ्याला एक क्षणही नाही. भूकंपानंतर माणसं नव्या पक्क्या छताखाली झोपायला का कचरत होती, याचं उत्तर अंधश्रद्धेत शोधणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर पाहावा.

वाचलेल्यांच्या मनाचा अभ्यासही झाला. भूकंपानंतर महिन्याभरानं मनोविकारतज्ज्ञांच्या एका गटानं वाचलेल्या काही जणांच्या मुलाखती घेतल्या. १९९६ मध्ये त्याचा अहवाल अमेरिकन मनोविकार नियतकालिकात आला. निम्म्याहून अधिक लोकांत निदान करण्याजोगा मानसिक आजार आढळला, मुख्यतः आघातानंतरचा तणाव-विकार आणि नैराश्य. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनं दीर्घ अभ्यास झाला, त्याची धुरा डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे होती. त्यांना आपण नट म्हणून ओळखतो; ते मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आपत्तीनंतर ब्लँकेटं आणि पत्रे यांच्या बरोबरीनं मनाचंही काही देणं लागतं, हा विचार आपल्या देशात रुजण्यात माकणी-सास्तूर-किल्लारीच्या माणसांच्या दुःखाचा वाटा आहे.

त्या मुलाखतींत जे शब्दांत दिसलं ते पेशींत कसं दिसतं, हे पुढे बंगळुरूमध्ये समजलं. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि अजय व्यास यांनी उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हलताच येणार नाही असं बंदिस्त ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या. दुष्काळात झाड फांद्या टाकतं तशा. हे अपेक्षित होतं. अनपेक्षित होतं ते अमिग्डलात. तिथल्या फांद्या वाढल्या, जास्त पसरल्या. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ताणाने आठवणींचं घर खंगतं आणि भीतीचं घर त्याच ताणावर पोसतं. मग त्यांनी उंदरांना एकवीस दिवस सुखात राहू दिलं. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डलाच्या वाढलेल्या फांद्या तशाच राहिल्या. घराचा हप्ता फिटला, मुलगी नांदायला गेली, पाऊस झाला, तरी माणसाची झोप परत का येत नाही, हे मला या एका निष्कर्षानं जेवढं समजलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही.

त्याच प्रयोगशाळेत रूपशी मित्रा यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. उंदराला फक्त एकदाच, दोन तासांचा ताण दिला. दुसऱ्या दिवशी अमिग्डलात काहीच फरक नाही. दहा दिवसांनी पाहिलं तर पेशींवर नवे जोड उगवलेले आणि उंदीर भित्रा झालेला. म्हणजे धसक्याचं घोरात रूपांतर व्हायला मधे काही दिवस जातात. आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि मग एकेक जण आपापल्या गावी जातो. नेमकं त्याच सुमाराला आत काहीतरी वाढू लागत असेल, तर भेटायला जाण्याची वेळ चौदाव्या दिवसानंतरही आहे. उंदरांचे दिवस माणसांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरं. तरी मला हे सांगावंसं वाटतं.

कॉर्टिसोलला खलनायक ठरवण्याची घाईही नको. ताण येण्याआधीच उंदरांना त्या जातीचं संप्रेरक थोडं वाढवून दिलं, तर दहा दिवसांनंतरचा तो भीतीचा अंकुर फुटला नाही. आघातानंतरचा तणाव-विकार जडलेल्या अनेक माणसांत कॉर्टिसोल वाढलेलं नव्हे तर कमी आढळतं, हे रेचेल येहुदा यांनी अमेरिकेत दाखवलं होतंच. जो ‘पुरे, थांबा’ म्हणायला येतो तोच उशिरा किंवा अर्ध्या ताकदीनं आला तर धोक्याची दवंडी चालूच राहते.

पुनर्वसनाकडे या नजरेनं पाहिलं की काही वेगळंच दिसतं. जागतिक बँकेच्या मदतीनं गावं नव्या जागी उभी राहिली. घरं जमिनीच्या प्रमाणात दिली गेली: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या खातेदारांना ७५०. भिंती पक्क्या झाल्या, रस्ते सरळ आणि रुंद झाले. पण जुन्या गावात गल्ली, वाडा, पार, शेजार यांची जी वीण होती ती या आखणीत राहिली नाही. एकाच भावकीतली घरं क्षेत्रफळाप्रमाणे वेगवेगळ्या रांगांत गेली. शेजार ही भावनेची बाब म्हणून सोडून देतात. ती संप्रेरकांची बाब आहे. रॉबर्ट सापोल्स्की यांनी पूर्व आफ्रिकेच्या माळावर बबून माकडांच्या रक्तातलं कॉर्टिसोल वर्षानुवर्षं मोजलं. कळपात कोण कुणाच्या वर, यानं ते बदलत होतंच, पण ज्या माकडाजवळ अंग साफ करून देणारे, बिलगून बसणारे सोबती होते त्याचं कॉर्टिसोल कमी असे. ओट्यावर टेकून संध्याकाळी चार शब्द बोलायची जागा नकाशात धरली नाही, तर तो खर्च दवाखान्याच्या खात्यात जातो.

आणि मुलं. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. बालवयात आलेला आघात आयुष्यभर पुरतो का, हा प्रश्न मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी उंदरांच्या पिल्लांवर अभ्यासला आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लांना रोज काही तास आईपासून दूर ठेवलं तर ती मोठेपणीही जास्त घाबरट निघतात. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या कामात फरक पडलेला असतो. दुसरी बाजू कॅनडातल्या मायकेल मीनी यांनी दाखवली. ज्या पिल्लांना आई खूप चाटते त्यांची ताण आवरण्याची यंत्रणा जन्मभर जास्त चांगली चालते, आणि हे आई सख्खी असो वा सांभाळणारी, दोन्हींत घडतं. जनुकं तीच, पण त्यांतलं कोणतं जनुक किती उघडं राहील हे कुशीत ठरतं. अनाथ मुलाला वसतिगृह देताना खोल्यांइतकीच तिथल्या माणसांची निवड महत्त्वाची का असते, याला याहून भक्कम आधार मला माहीत नाही.

भूकंपाला तीस वर्षं उलटून गेली. या पट्ट्याचा आजचा ताण जमिनीच्या पोटातला कमी आणि आभाळातला जास्त आहे. २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टीनं उभी पिकं वाहून गेली. सोयाबीन पेरायचं आणि आभाळाकडे बघायचं. हा घोर मोजता येतो का? केनियात संशोधकांनी गरीब शेतकऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल तपासलं आणि ते त्या भागातल्या पावसाशी पडताळलं. पाऊस कमी पडला की कॉर्टिसोल चढत होतं, आणि ज्यांचं पोट फक्त शेतीवर होतं त्यांच्यात सगळ्यात जास्त. माकणीच्या ऊसवाल्यांना दुसरा अभ्यास जवळचा वाटेल. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी, हाती पैसा नसताना, आणि तुटल्यानंतर पैसे आल्यावर, त्याच प्रकारची बुद्धीची कोडी सोडवायला दिली. आधी ती जास्त चुकली, नंतर कमी. माणूस तोच, डोकं तेच. संशोधकांच्या मते याला केवळ ताण कारणीभूत नव्हता. पैशाची विवंचना डोक्यातली जागाच व्यापून बसते. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. त्या काळात घेतलेल्या निर्णयांवरून शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्या प्रत्येकासमोर हा अभ्यास ठेवावा.

शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची सरकारी सोय आता आहे, ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून देशभर चालतो आणि मराठीत बोलता येतं. ते हवंच. पण पीकविम्याची रक्कम कोणत्या तारखेला खात्यात पडेल आणि उसाचं बिल कधी निघेल, हे नक्की सांगणं हाही उपचार आहे. वाइस यांच्या पहिल्या उंदराला मिळाला होता तो.

गेल्या दोन दशकांत कॉर्टिसोल मोजायची एक नवी रीत आली आहे. रक्त किंवा लाळ त्या घटकेचं सांगतात. केस मात्र महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या महिन्याचं कॉर्टिसोल आपल्यात साठवत जातो. टोकाकडून मुळाकडे वाचत आलं की घोराची वहीच हाती येते. जूनच्या अखेरीस माकणीतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचे तीन सेंटिमीटर केस टाळूलगत कापून घेतले, तर टोकाच्या सेंटिमीटरात एप्रिल असेल, कारखान्याच्या बिलाची वाट पाहणारा. मधल्यात मे, बी-बियाण्यांच्या उधारीचा. आणि मुळाशी मृग नक्षत्र, पाऊस ज्या दिवशी आला किंवा आला नाही त्या दिवसासकट.